तापाबद्दलची माफी

एकदा एका आरोग्य उपकेंद्रात निवृत्तीला टेकलेल्या एक परिचारिका होत्या. गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणे. त्यांच्या हाताखाली शेवंता नावाची मुलगी शिकायला आली. हात हलका, स्वभाव मायाळू. लस टोचताना एखादी आई कावरीबावरी झाली, की ती पाठीवरून हात फिरवून म्हणे, "काही होणार नाही हो बाळाला." आता असं म्हणायला कोणाला आवडत नाही? आपणही म्हणतोच.

यमुनाच्या दीड महिन्याच्या बाळालाही तिने असंच म्हणत टोचलं. संध्याकाळी बाळाला ताप चढला, मांडी सुजली. सासू घाबरली, तिने हळद-चुन्याचा गरम लेप थापला आणि कोवळी कातडी भाजली. पुढच्या डोसाला यमुना आलीच नाही. "लेकराला पुन्हा सुई लावू देणार नाही," असा सासूचा निरोप तेवढा आला. डांग्या खोकला, घटसर्प यांपासूनचं बाळाचं संरक्षण अर्धवटच राहिलं.

बाई शेवंताला घेऊन त्या घरी गेल्या. सासूसमोर ओट्यावर बसल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "अक्का, चूक आमची. माफ करा."

शेवंता चकित झाली. परतीच्या वाटेवर तिने विचारलंच, "बाई, असा ताप कितीतरी बाळांना येतो. लेप तर त्यांनी लावला. मग माफी आपण का मागायची?"

"लस दिली त्यात चूक नाही गं," बाई म्हणाल्या. "पण ताप येऊ शकतो हे आपल्याला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. एक-दोन दिवस अंग तापेल, मांडी दुखेल. पाजत राहा, गार पाण्याची घडी ठेवा, औषध सांगितलं तेवढंच द्या, लेप नको. झटका आला, बाळ मलूल पडलं, पिणं सोडलं, श्वास लागला, तासन्‌तास रडणं थांबेना, तर तडक दवाखाना गाठा. एवढं सांगायला किती वेळ लागतो? तू धीर द्यायला गेलीस आणि त्यांना भीतीपाशी एकटं सोडून आलीस."

शेवंताचे डोळे भरून आले. तिला फार वाईट वाटलं.

चार दिवसांनी यमुना बाळाला घेऊन आली. सोबत सासू, तोंड घट्ट मिटून. शेवंताने आधी सगळं दोनदा समजावलं, मग टोचलं आणि अर्धा तास त्यांना तिथेच बसवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंताचा फोन वाजला. सासूच बोलत होती.

"ताप आलाय गं पोरी. पण पितंय नीट, हसतंयही. तू काळजी करू नकोस, नुसतं कळवलं."