उजवा खांदा

“दुखतच नाही, तर विश्रांती कसली घ्यायची, महाराज?”

मोरेश्वर केळुसकरांनी उजवा हात वर नेला, मागं नेला, गोल फिरवून दाखवला. पाच दिवसांपूर्वी याच हातानं त्यांना सदऱ्याचं बटण लावता येत नव्हतं.

अप्पास्वामी पायरीवर बसून बघत होते. मठात राहणारी माणसं दोनच. ऐंशीच्या घरातले स्वामी आणि साठी ओलांडलेले केळुसकर.

अक्षय्य तृतीया उद्यावर आली होती. त्या दिवसापासून वैशाख संपेपर्यंत देवाला रोज अंगभर चंदनाची उटी लागते. त्यासाठी तीन तीन तास सहाणेवर खोड उगाळावं लागतं. अकरा वर्षं ते काम केळुसकर एकटे करत, आणि त्याचा त्यांना तोराही भारी होता. आल्यागेल्या भक्तानं हौसेनं खोडाला हात लावला, तरी यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

“डॉक्टरीणबाईंनी कागद दिलाय ना? वाच.”

“वाचलाय मी.”

“मोठ्यानं वाच. मला अक्षर दिसत नाही.”

केळुसकरांनी नाइलाजानं घडी उलगडली. “खांद्याला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं आहे. पहिले एकदोन दिवस दुखणं वाढू शकतं...”

“वाढलं?”

“दोन दिवस नुसता कळवळत होतो. मग उतरलं.”

“पुढं.”

“औषधानं सूज उतरते. दुखणं थांबलं म्हणजे आतली इजा भरून आली असं नाही. दोन आठवडे खांद्यावर जोर देऊ नये...” इथं त्यांचा आवाज आपोआप खाली आला. “ताप आला, किंवा सांधा लाल होऊन गरम लागला, तर लगेच यावं. मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढते. तपासत राहावी.”

“तपासलीस?”

केळुसकर कागदाच्या कडा सरळ करू लागले.

“मधुमेह आहे हे बाईंना सांगितलंस तरी का?”

“सांगितलं असतं तर त्यांनी टोचलं नसतं, महाराज... उटी राहिली असती.”

“आणि परत दुखलं तर?”

“परत टोचून घेईन.”

हे औषध वारंवार घेतलं तर सांध्यालाच अपाय होतो, असंही कागदावर होतं. ती ओळ त्यांनी वाचली नाही. कागद खिशात कोंबला, पाटाएवढी सहाण पुढं ओढली आणि खोड उचललं.

स्वामी उठले. उठताना गुडघे वाजले. भिंतीला हात टेकत टेकत ते सहाणेपाशी आले आणि चक्क तिच्यावर बसले.

“महाराज! देवाची सहाण आहे ती!”

“टेकायला बरी आहे.”

केळुसकर खोड हातात घेऊन तसेच उभे. रागवावं तर गुरू, ओढून काढावं तर म्हातारा माणूस. त्यांना हसूही येईना.

“उठा ना.”

स्वामींनी पाय पसरले.

“उठा, महाराज. उद्याची तयारी व्हायचीय.”

स्वामी हलले नाहीत. अंगणात ऊन चढत होतं. पायवाटेनं कुणी येताना दिसत नव्हतं.

“ही गेल्यापासून घराला कुलूप आहे,” केळुसकर एकदम म्हणाले. “मुलगी परदेशात. दिवाळीला फोन करते, तोही घाईघाईत. सकाळी डोळे उघडले की आधी उटी आठवते, म्हणून उठतो मी... तीही नाही केली, तर इथं मी कशाला? कुणाला लागतो मी, सांगा ना!”

बायकोच्या तेराव्याला ते रडले नव्हते. आता मात्र त्यांनी तोंड फिरवलं आणि सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले.

स्वामींनी हात पुढं केला. बऱ्याच वेळानं केळुसकरांनी त्या हातात खोड दिलं. स्वामींनी ते मांडीवर आडवं ठेवलं.

“आज दवाखान्यात जा. साखरेचं सांगून ये.”

“आणि उद्या?”

“उद्या देवाला उटी नाही. तू नुसता येऊन त्याच्यापाशी बस.”