अंगणातले दोन मोर

त्या दिवशी थंडी होती, पण झाडाचं पानही हलत नव्हतं. आमच्या इनामदारांना मोटारीसाठी जागा हवी होती. ते देवळात दिवा लावणाऱ्या येसूबाईंना म्हणाले, "जग आपोआप झालंय. देव असल्याचं पटवून दे, नाहीतर उद्या तुझं वडाखालचं देऊळ पाडतो."

येसूबाई रोज त्यांच्या दारात सडा-रांगोळी करायच्या. दुसऱ्या सकाळी तिथं रांगोळीचा देखणा मोर उमटला होता.

"वा! काय हात आहे तुझा!"

"हात कुठला, सरकार? डबा कलंडला, रांगोळी सांडली."

"खुळी का काय? पिसापिसात डोळा असा सांडून येतो होय?"

येसूबाईंनी कुंपणावरच्या खऱ्या मोराकडे बोट केलं. "मग तो कसा सांडला, सरकार?"

इनामदारांनी मोटारीसाठी दुसरीकडे जागा बघायला सांगितली. देऊळ राहिलं.

शेजारचा भिकाजी मला म्हणाला, "आबा, आजवर डोळे मिटून हात जोडले, आता उघडे ठेवून जोडू."