मधून बाहेर

माळावर वसलेल्या एका गावात एकदा एक वृद्ध गृहस्थ राहत होते. सारे त्यांना आबा म्हणत. चावडीवर एक काळा फळा होता आणि त्यावर रोज सकाळी आबा माळाची बातमी लिहीत. बातमी साधीच असे. 'पाणवठ्याकडे टिटवीची चार अंडी आहेत, गुरे जपून न्यावीत.' 'चंडोल गाऊ लागला.' शहरात शिकलेली एक तरुणी त्यांच्याकडे माळ ओळखायला शिकत होती. वर्ष सरल्यावर आबांनी खडू तिच्या हाती दिला.

तिने लिहिलेली पहिलीच बातमी अशी होती : 'कुरणाच्या मधोमध तित्तिराची मादी, सोबत सात पिल्ले. पिल्लांना अजून उडता येत नाही.' लिहून होताच तिने आबांचे घर गाठले, कारण कुरणाची कापणी चार दिवसांवर होती.

या गावची कापणी म्हणजे शर्यतच. गावाच्या चार आळ्या कुरणाच्या चार बांधांवर उभ्या राहत, आबांचा पहिला विळा बांधावर पडला की सगळे कापत कापत मध्याकडे धावत. जी आळी आधी मध्याला पोहोचेल, तिच्या बैलांना मानाची पेंडी. शेवटच्या झुपक्यात दर वर्षी एखादा ससा, एखादे पाखरू सापडे. 'कुरणाने प्रसाद दिला' असे लोक म्हणत.

"आबा, यंदा कापणी पुढे ढकलता नाही का येणार? आठच दिवस," तिने विचारले.

"आभाळ बघितलंस का? गवत भिजलं तर गुरांनी वर्षभर काय खायचं?"

आता तिला स्वस्थ बसवेना. आपली जुनी लाल ओढणी फाडून तिने बारा काठ्यांना चिंध्या बांधल्या आणि पिल्ले दिसली होती त्या जागेभोवती त्या रोवल्या. घरोघर जाऊन सांगितले, "एवढं गवत ठेवा हं." लोक भले होते. "ठेवू की ताई," म्हणाले.

कापणीच्या सकाळी चारी बांधांवर माणसे जमली. आबा आले, पण त्यांनी बांधावर विळा घातला नाही. हातातली काठी गवतावर टेकवीत, हळूहळू, ते सरळ कुरणात शिरले. कमरेइतके पिकलेले गवत त्यांच्या पायांखाली आडवे होऊ लागले.

"आबा, वाट चुकला का काय?" वरच्या आळीचा धोंडाप्पा ओरडला. तीन वर्षे मानाची पेंडी त्याच्याच दावणीला होती. "सोन्यासारखं गवत तुडवायलाय! म्हातारपणी शर्यत मारायची हौस आली जनू!"

लोक हसले. तरुणी मात्र हसली नाही, कारण आबा तिच्या काठ्यांपाशी पोहोचले होते आणि एकेक काठी उपटून काखेत धरत होते. ती धावत त्यांच्यामागे गेली.

"आबा, अहो, ती माझी खूण आहे! पिल्लं तिथंच आहेत!"

आबा काठीने भोवतालचे गवत हळूहळू चाळवत राहिले. मग खाली वाकले आणि त्यांनी ऐन मध्यावर विळा घातला. पहिला विळा पडेल तिथूनच कापणी, ही तर पिढ्यांची रीत. कुरकुरत का होईना, चारी आळ्या त्यांच्या पावलावर पाऊल टाकत एका ओळीने आत आल्या आणि पाठीला पाठ लावून बाहेरच्या दिशेने कापू लागल्या.

तरुणीचे डोळे भरून आले होते. तेव्हा आबा म्हणाले,

"मुली, भ्यालेला जीव गवताच्या आडोशाला पळतो. आपण चारी बाजूंनी आत येतो, तसा तो मागे मागे सरतो, आणि शेवटच्या झुपक्यात आपण म्हणतो, सापडला. तो सापडत नाही गं, आपणच त्याला तिथं आणून ठेवतो. तू माया केलीस. पण सगळा माळ उघडा आणि मधे एवढाच झुपका, त्यावर लाल निशाण. उद्या कावळ्याला शोधायचे कष्टच नाहीत, तू पत्ता लिहून दिलास. भित्र्याला कोंडून राखता येत नाही. त्याच्या पाठीशी गवत असू द्यावं, आणि आपण हळू यावं."

"आणि ती बाहेर गेलीच नाहीत तर?"

"तर आणखी हळू."

दुपार कलली. कापलेले रिंगण रुंदावत बांधाजवळ आले. गवताची शेवटची पट्टी, तिच्यापुढे दहा पावलांची उघडी गाडीवाट आणि पलीकडे बांधावर करवंदीची दाट जाळी. पट्टीचे गवत हलले. तित्तिराची मादी मान उंचावून वाटेच्या कडेला आली आणि थबकली. वाटेवर पेंड्या भरायची गडबड होती, बैल होते, माणसे होती. तरुणीने विळा थांबवला. ओरडून सांगावे तर पाखरू बुजेल, न सांगावे तर बैल पुढे येतील.

धोंडाप्पा डोक्यावर पेंड्या घेऊन वाटेनेच येत होता. तो जागच्या जागी थांबला. डोक्यावरचा भार तसाच ठेवून त्याने एक हात आडवा केला आणि दबक्या आवाजात मागच्यांना म्हणाला,

"थांबा रं. बैलं धरा. लेकुरवाळी निघालीया."

बैल धरले गेले. मादी वाट ओलांडून गेली, तिच्यामागे धुळीच्याच रंगाची पिल्ले, एकामागे एक. सातवे मध्येच बसले. उन्हात, डोक्यावर ओझे घेऊन धोंडाप्पा उभाच होता. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता, पण त्याने हात खाली घेतला नाही. सातवे उठले, जाळीत गेले.

"गेली एकदाची," तो म्हणाला आणि चालू लागला.

आबांनी शिष्येकडे पाहिले. धोंडाप्पाला थांबायला कोणीच सांगितले नव्हते, आणि बारा काठ्या रोवून असे थांबणे कधी घडलेही नसते, हे तिला उमगले होते. विळा उचलून ती राहिलेली पट्टी कापू लागली, सावकाश.

घरातल्या कोणाला त्याच्या चुकीबद्दल विचारायला बसताना, आपणही त्याला चारी बाजूंनी कोंडत तर नाही ना, त्याच्या पाठीशी थोडे गवत ठेवले आहे ना, एवढे स्वतःशी पाहिले तरी पुष्कळ आहे.