न बुजवलेलं भोक

खाडीच्या काठावर छोटी ठमा आणि तिचे बाबा राहायचे. त्यांचं शेत पांढरंफटक पडलं होतं. फार पूर्वी तिथे तिवरांची हिरवीगार झाडी होती, भरतीचं पाणी मनसोक्त खेळून जायचं. मग माणसांनी मातीचा बांध घालून पाणी बाहेर ठेवलं आणि भात लावला. काही वर्षं भात आलाही. पण नंतर जमिनीतून मीठ वर आलं, आणि आता एकही रोपटं तग धरत नव्हतं.

"दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येईल गो," बाबा म्हणायचे. "वीटभट्टीवर जाऊ. इथे काय खायचं?"

ठमाला जायचं नव्हतं. भट्टीवर खाडी कुठली? निळानिळा खंड्या पक्षी कुठला?

तरी ती रोज भरतीआधी बांधावर जायची. चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, बांधाला भोकं पाडतात, त्यांतून पाणी शिरतं. म्हणून दिसेल ते भोक चिखलाने बुजवायचं, हे तिथलं पोर चालायला लागलं की शिकतं. ठमा मात्र आधी वाकून म्हणायची, "चिंबोरीबाई, आहेस का आत? बाहेर ये, मग बुजवते."

शेजारच्या गोपीकाकू हसायच्या. "अगो, चिंबोरीला आमंत्रण देतेस? पाणी थांबेल का तोवर?"

एका सकाळी भोकातून चिंबोरी आलीच नाही. आली ती बोटाएवढी परी! इवले पंख निळेशार, झगा शेवाळी, केसांत थेंबांचे मणी लुकलुकत होते.

"विचारून दार लावणारी तूच पहिली," परी म्हणाली. "एक इच्छा माग."

"आम्हाला इथून जायला लागू नये," ठमा पटकन म्हणाली. "या जमिनीने आम्हाला पोटभर द्यावं."

"देईल. पण ती आधी खाडीला परत द्यायला हवी. उद्या भरतीला हे भोक वाहू लागेल. ते कुणी बुजवायचं नाही. आणि बाबांना तूच समजवायचंस. माझी जादू कुणाचं मन वळवत नाही."

"काकूंचं शेत बुडलं तर?"

परी गोड हसली. "तुमच्या दोन शेतांमधला बांध जपा, म्हणजे नाही बुडणार."

बाबांनी ऐकून कपाळावर हात मारला. "पाणी आत घ्यायचं? लोक काय म्हणतील?"

"बाबा, भात तर तसाही येत नाही."

बाबांनी पांढऱ्या शेताकडे पाहिलं. "बरं. एक भरती बघू."

भरती आली. भोकातून चंदेरी धार झुळझुळू लागली, आत परीच्या पंखांचा निळा उजेड लुकलुकला. ठमाचे हात शिवशिवले. तिने ते पाठीमागे धरले, काखेत दाबले, त्यांच्यावर बसूनही पाहिलं. क्षणभर तिचं लक्ष उडालं आणि काय सांगावं! हातांनी चिखलाचा गोळा उचलून भोकात दाबलाही होता.

धार थांबली. आतला निळा उजेड मंदावू लागला.

"बाबा, मी बुजवलं!" ठमा रडत चिखल उकरू लागली. पण बांधाचा चिखल चटकन घट्ट बसतो. तिने वळून पाहिलं, तर बाबांच्याही हातात गोळा तयार होता! बाबा ओशाळले. त्यांनी तो खाडीत भिरकावला आणि फावडं उचललं. "सरक गो." त्यांनी भोकच नव्हे, चांगली वाट मोकळी केली.

पाणी खळखळत आपल्या जुन्या घरी आलं.

पण पुढचे दिवस कठीण होते. शेतभर नुसता काळा चिखल. "काय रे, दलदल पिकवलीस?" लोक विचारायचे. बाबा काकूंच्या शेताकडचा बांध लिंपत येरझाऱ्या घालायचे. ठमा पहाटेच उठून बघायची: काही आलं का? काहीच नाही. परी खोटं बोलली असेल का?

मग पाण्यावर तरंगत तिवरांच्या बिया आल्या आणि रुजल्या. चिखलात टुण्‌टुण्‌ उड्या मारत निवटे मासे आले, कोलंबी आली. पावसाळा सरला, आणि एके दिवशी गुलाबी गुलाबी रोहित पक्षी उतरले.

दिवाळीनंतर मुकादमाच्या गाडीने भोंगा वाजवला. बाबा जाळं घेऊन गुडघाभर पाण्यात उभे होते.

"तुम्ही व्हा पुढे!" ते ओरडले. "आम्हाला इथेच काम आहे!"

ठमाने सुटकेचा निःश्वास टाकला. तिवराच्या पोपटी पानावर परी बसली होती. तिने ठमाकडे पाहून मान डोलावली, पंख उघडले आणि लख्ख उजेड होऊन पाण्यावर विखुरली. कुठली चमक परीची आणि कुठली चिमुकल्या मासोळीची, ठमाला ओळखता येईना.

"ठमे, टोपली आण गो! जड झालंय जाळं!"

ठमा धावली.