धवळीच्या कातड्यातलं भोक

फार वर्षांपूर्वी, तुमचे पणजोबा रांगत होते त्याच्याही आधी, तरवडीच्या माळावर म्हाळू नावाचा एक कातडी कमावणारा राहत होता. तरवडी नाव पडलं ते तिथं तरवडाची झुडपं उदंड म्हणून. त्याच झुडपांची साल कुटून म्हाळू कातडी पिकवायचा आणि त्या कातड्याच्या मोटा गावोगाव पाणी ओढायच्या. हात त्याचा चांगला होता. तोंड मात्र हातापेक्षा दहापट चाले. बैलाची चेष्टा करी, पुजाऱ्याची करी, कुणी नाही मिळालं तर स्वतःच्या सावलीची करी. तो बोलत नाही अशी घटका कुणी पाहिली नव्हती. झोपेतसुद्धा तो कुणाला तरी चिडवायचा आणि स्वतःच हसून जागा व्हायचा, असं म्हणतात.

हसताय काय? तुमच्यातही असे दोघं-तिघं बसलेत. नावं सांगत नाही, आपली आपण ओळखा.

तर असा हा म्हाळू एका वर्षी गप्प झाला. त्याची बायको निंगू. त्यांचं पहिलं लेकरू पौषात जन्मलं आणि पौषातच गेलं. माळावरचा वारा तेव्हा असा होता की घोंगडीतून आरपार जायचा, भिंतीतून जायचा, चुलीतल्या विस्तवालाही कापरं भरायचं. निंगूनं लेकरू गुंडाळून गुंडाळून ठेवलं होतं. पण धीर निघेना. श्वास चालू आहे का बघायला ती घडोघडी गुंडाळी उघडायची, आणि उघडली की थंडी आत शिरायची. शेवटी एका पहाटे उघडली तेव्हा आत थंडीच होती.

म्हाळू महिनाभर बोलला नाही. मग पुन्हा बोलायला लागला, आधीपेक्षा जास्त. गाव म्हणालं, विसरला. गावाला काय, गाव काहीही म्हणतं.

पुढच्या चैत्रात निंगूला पुन्हा दिवस गेले. बोटं मोजली तर पुन्हा पौषच येत होता. म्हाळू रात्रंदिवस एकच विचार करी, मेंढरं या माळावर उघडी झोपतात, ती कशी गारठत नाहीत? त्यांच्या अंगावर केसांसकट कातडं असतं म्हणून. मग तसंच कातडं लेकराला का नको?

सोपं वाटतं ना? म्हाळूलाही वाटलं. त्यानं एक बकऱ्याचं कातडं आणलं आणि सवयीनं चुन्याच्या हौदात टाकलं. जन्मभर त्यानं तेच केलं होतं. मोटेच्या कातड्याला केस नको असतात, चुना ते काढतो. आठवड्यानं कातडं वर काढलं तर केस हौदात राहिले आणि कातडं असं गुळगुळीत निघालं, जसं तीर्थाहून परतलेल्याचं डोकं. गाव पोट धरून हसलं. म्हाळूही हसला. निंगू तेवढी हसली नाही.

माळावर काळू धनगराचा मेंढरांचा वाडा असे. त्याच्या कळपात धवळी नावाची म्हातारी मेंढी होती. एवढी म्हातारी की काळूच्या बापानं तिला कोकरू असताना पाहिलं होतं, असं म्हणतात. तिची लोकर धुक्यासारखी होती, हात घातला की कोपरापर्यंत नाहीसा व्हायचा. दिवाळी सरली आणि धवळी एका सकाळी उभ्या उभ्या डोळे मिटून गेली. काळूनं कातडं खांद्यावर टाकून आणलं.

"म्हाळू, ही आमच्या घरची होती," तो म्हणाला. "हिचा एक केस गळाला तर तुझ्या मिशा उपटीन."

"उपट की. त्या तरी कुठं माझ्या आहेत, सासऱ्याकडनं हुंड्यात आल्यात," म्हाळू म्हणाला. पण कातडं त्यानं दोन्ही हातांवर झेललं, लेकरू घ्यावं तसं. असं दुसरं कातडं मिळणार नव्हतं.

तेव्हा निंगूनं आपल्या आईला बोलावून घेतलं. तिचं नाव मल्लव्वा. सीमेपलीकडच्या गावची, केसाळ कातडी पिकवण्यात हात बसलेली आणि ठार बहिरी. ओठांवरून कामापुरतं ओळखायची, पण म्हाळूची एकही चेष्टा तिच्यापर्यंत पोचायची नाही, म्हणून जगात तो घाबरायचा ते फक्त तिला.

मल्लव्वानं आल्या आल्या चुन्याच्या हौदावर फळी टाकली आणि तिच्यावर बसली. कातड्याला आतून मीठ चोळायला लावलं. मग धुऊन घेतलं, आणि गुळगुळीत ओंडक्यावर लोकर खाली, मासाची बाजू वर असं पसरायला लावलं. रापी, म्हणजे कातडं खरवडायची सुरी, हातात घेतली, तिची धार दगडावर घासून बोथट केली.

"आत्या, ही काय रापी झाली? हिनं लोणीसुद्धा कापायचं नाही!" म्हाळू ओरडला.

मल्लव्वानं त्याच्या ओठांकडं बघितलं. "जावयबापू," ती म्हणाली, "कापायचं नाहीच. उलगडायचं आहे. मास, चरबी, पापुद्रा, सगळं जायला हवं. राहिलं तर कातडं कुजेल. पण जास्त खरवडलं तर केसांची मुळं उघडी पडतील आणि लोकर मुठीनं हातात येईल. मधली जागा केसाएवढीच आहे. ती डोळ्याला दिसत नाही."

"मग कळायचं कसं?"

तिनं त्याचा अंगठा धरून रापीच्या पाठीवर ठेवला. "कातडं सांगतं. मला अंगठ्यातून ऐकू येतं, तुम्हाला तर देवानं कान दिलेत. पण त्यासाठी तोंड मिटावं लागेल, बापू."

आता बघा, म्हाळूला सांगितलं असतं की डोंगर उचल, तर त्यानं निदान हात तरी लावला असता. पण तोंड मिटायचं? त्यानं निंगूच्या पोटाकडं बघितलं आणि मिटलं.

माळावर धुकं होतं. रापी वरून खाली चालली. आधी ओला, जड आवाज आला, चिखलातून म्हैस चालल्यासारखा. पापुद्रे गोळा होऊन ओंडक्याखाली पडले. पुन्हा हात फिरला, आवाज हलका झाला. मग एकाएकी तो आवाज बदलला. वाळल्या गवतातून वारा जावा तसं सर्रर्र झालं आणि म्हाळूचा हात आपोआप थांबला. मल्लव्वानं मान डोलवली. तो बोटभर पुढं सरकला.

असा तो खरवडत राहिला आणि ऐकत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला किती काय ऐकू आलं. धवळी कोकरू असताना प्यायली त्या ओढ्याचं पाणी ऐकू आलं. कातड्याच्या आत खोल कुठं तरी एक बारीक, चिमणा श्वास ऐकू आला, गेल्या पौषातला. तो रडला, पण आवाज न करता. त्या दिवशी माळावरचे पक्षीसुद्धा बोलले नाहीत, असं म्हणतात.

पाठ झाली, पोट झालं, मान झाली. राहिली फक्त पुढच्या पायाची काख. तिथं कातडं कांद्याच्या सालीएवढं पातळ. म्हाळूनं रापी टेकवली आणि नेमकी मान वर केली. समोर धवळीच्या कातड्यावर नजर ठेवायला आलेला काळू धनगर बसल्या जागी पेंगत होता आणि त्याचंच बकरं त्याचा फेटा शेवटाकडून खात खात डोक्यापर्यंत आलं होतं.

"अरे काळू, पुढचा घास तुझा कान!"

सुटलं तोंडातून. आणि रापीही सुटली. काखेत अंगठा जाईल एवढं भोक पडलं.

काळू जागा होऊन बकऱ्यामागं धावला. म्हाळू मात्र तिथंच खाली बसला. "शिवतो, आत्या. आत्ता शिवतो," तो पुटपुटला.

"शिवू नका," मल्लव्वा म्हणाली. "काखेत टाका ओढ घेतो, फाटत फाटत पाठीपर्यंत जाईल. भोकाच्या कडा गोल करा आणि सोडून द्या. गोल भोक वाढत नाही."

त्यानं कडा गोल केल्या. मग आतल्या बाजूला ताक-मीठ लावलं, तुरटी लावली, हिरड्याचा काढा पाजला, सावलीत वाळवलं, दोरावर ओढून ओढून मऊ केलं. एक केस गळाला नाही. पण जो येई तो भोकात बोट घालून हसे, आणि म्हाळू मान खाली घाली.

पौष आला. विहिरीवरचे पोहरे पाण्याला चिकटले, एवढी थंडी. निंगूला मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी, आणि ती रडली नाही. मल्लव्वानं तिला धवळीच्या कातड्यात पायापासून डोक्यापर्यंत गुंडाळलं. निंगूचा हात गुंडाळीकडं गेला.

"उघडू नकोस," म्हाळू म्हणाला. "तुझ्या पाया पडतो, उघडू नकोस."

"मग मला कसं कळायचं?"

दारातून उजेड आला, धुक्यात भिजलेला. आणि तेव्हा त्या भोकातून, काखेतल्या त्या गोल भोकातून, वाफेचा एक बारीक धागा वर आला. विरला. पुन्हा आला.

निंगूनं हात मागं घेतला. दिवसभर दोघं त्या वाफेकडं बघत बसली आणि गुंडाळी एकदाही उघडली नाही. तिसऱ्या प्रहरी भोकातून वाफेऐवजी एक चिमुकली मूठ बाहेर आली आणि मागोमाग असं भोकाड की बहिऱ्या मल्लव्वानंही दचकून विचारलं, "कोण ओरडलं?"

"माझ्यावर गेलीय, आत्या," म्हाळू म्हणाला आणि हसता हसता रडला.

पुढं ते कातडं तरवडीतल्या घराघरांतून फिरलं. दर हिवाळ्यात त्याची लोकर थोडी वाढायची, जुळी झाली की कातडं रुंद व्हायचं, असं म्हणतात. म्हाळू पुष्कळ जगला, पुष्कळांना चिडवून झालं. एका पौषात कातडं खांद्यावर टाकून "जरा वाळत घालून येतो" म्हणून तो माळावर गेला, तो परत आला नाही. त्या सकाळपासून माळावर धुकं उतरतं ते धवळीच्या लोकरीसारखं, आणि त्यात एका जागी गोल भोक असतं.

तरवडीत अजून बाळाची दुपटी शिवताना कोपऱ्याला एक गोल भोक ठेवतात आणि त्याला म्हाळूची काख म्हणतात. बाहेरगावची सून ते चुकून शिवून टाकते आणि सासू ते उसवते. पौषात पहिलं दाट धुकं पडलं की वर्षातली सगळी नवी बाळं माळावर नेतात. तेव्हा कुणी बोलायचं नाही. सरपंचानंसुद्धा नाही, आणि ते त्यांना फार जड जातं. सगळे वर बघत उभे राहतात. धुक्यात भोक पडून उन्हाचा पहिला कवडसा खाली उतरला, की ज्याला तो आधी दिसेल त्यानं मोठ्यानं एक चेष्टा करायची आणि सगळ्यांनी हसायचं.

कारण वर म्हाळू केव्हाचा तोंड मिटून ऐकत बसलाय, आणि त्याला आता राहवत नसणार.