कवीश्वरांची माधुकरी

एका राज्यात एक दार होते, आणि ते किल्लीने उघडत नसे, गाण्याने उघडत असे.

राज्याच्या मध्यभागी डोंगर, डोंगराच्या पोटात देवाचे गर्भगृह, आणि देवाच्या पायांशी एक झरा. झऱ्याचे पाणी खालच्या कुंडात येई, कुंडातून साऱ्या राज्यात जाई. वर्षातून एकदा, वर्षप्रतिपदेच्या पहाटे, गर्भगृहाचे दगडी दार आपण होऊन मिटे, तीन अडसर आतून बसत आणि झरा थांबे. मग राजकवीने देवाला उठवणारी नवी भूपाळी म्हणावी, एकेका कडव्याला एकेक अडसर सरावा, दार उघडावे, पाणी वाहावे, असा तिथला नेम होता. जुनी भूपाळी चालत नसे. काल वाहिलेले फूल देवाला आज वाहत नाहीत, तसेच हे.

वीस वर्षे हा मान त्रिविक्रम कवीश्वरांचा होता. वीस वर्षे दार उघडले, आणि वीस वर्षे शेवटच्या कडव्यात 'त्रिविक्रम म्हणे' ही नाममुद्रा साऱ्या डोंगराने ऐकली. माणसाने आपलेच नाव इतके ऐकू नये. ते कानात घर करते.

एकविसाव्या वर्षी, प्रतिपदेच्या आदल्या दिवशी, राजा धैर्यकेतूने भर सभेत कवीश्वरांच्या हातात सोन्याचे कडे घातले आणि विचारले, "कविराज, ही गाणी कोठून येतात?"

कवीश्वर म्हणाले, "महाराज, माझ्याच अंतरातून. त्यांत उसना असा एक शब्द नाही."

सभेच्या खांबाला टेकून धूम्रनाथ नावाचा एक मांत्रिक उभा होता. त्याच्या जटांतून सदैव थोडा धूर निघत असे. लोकांना त्याची सवय होती. तो हसला आणि म्हणाला, "उत्तम. तुझ्या गाण्यात जे उसने नाही, तेवढेच तुझ्या गाण्यात राहो."

एवढे बोलून तो पाणी प्यायला निघून गेला.

कवीश्वर घरी आले. भूपाळी लिहून तयार होती. त्यांनी पोथीचे पान उलगडले, तर अक्षरे हलू लागली. ती मुंग्यांसारखी ओळीने पानावरून उतरली, पाटावरून खाली आली, उंबरा ओलांडून गेली. 'अरुणोदय' शब्द पुराणिकबुवांच्या घराकडे वळला. 'पाखरे' हा शब्द समोरच्या माळिणीच्या परसात शिरला. 'कनवाळू' हा शब्द थोडा घुटमळला, मग गावाबाहेर, जिथे कवीश्वरांच्या आईचे माहेर होते, त्या वाटेला लागला. वीस वर्षांच्या साऱ्या पोथ्या अशाच रित्या झाल्या. पानापानाच्या तळाशी दोनच शब्द उरले : त्रिविक्रम म्हणे.

कवीश्वरांच्या पत्नी चंपावती दारात उभ्या राहून ती रांग पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, पण त्रिविक्रम म्हणे काय?"

कवीश्वरांनी रित्या पोथ्या मिटल्या.

प्रतिपदेला दार मिटले. भूपाळी झाली नाही. राजाने सौम्य स्वरात सांगितले, "कविराज, कुंडात नऊ पायऱ्यांचे पाणी आहे. रोज एक पायरी उघडी पडेल. दहावी पायरी नाही."

पाच दिवस कवीश्वर दार लावून बसले. रोज नवे कडवे रचीत, आणि शाई वाळण्यापूर्वी ते चालू लागे. घागरी घेऊन कुंडावर आलेल्या बाया घरावरून जाताना मुद्दाम मोठ्याने बोलत. "झालं का हो कवीश्वरांचं?" "होतंय, होतंय. प्रसाद म्हणून कोरडी घागर वाटणार आहेत." कवीश्वर ऐकत. त्यांच्या घरातही पाणी मोजूनच येत होते.

सहाव्या सकाळी डोंगराच्या शिखरावरची एक साळुंकी खिडकीत येऊन बसली. ती पूर्वी कोणा ऋषीच्या आश्रमात होती आणि तेव्हापासून शुद्ध बोलत असे.

"कवीश्वर, घरात धान्य संपले की विद्यार्थी काय करतो?"

"माधुकरी मागतो. घरोघर फिरून शिजलेले अन्न झोळीत घेतो."

"मग उठा. तीन सकाळी, तीन वस्त्या. नियम ठाऊक आहेत?"

"ठाऊक आहेत. घर लहानमोठे पाहू नये. पडेल ते घ्यावे, टाकू नये. आणि वरून आपल्या घरचे मीठ घालू नये."

"ठाऊक असणे आणि पाळणे यांत बरेच अंतर असते," साळुंकी म्हणाली आणि उडून गेली.

चंपावतींनी जुन्या शेल्याची झोळी शिवून दिली. कवीश्वर पहिल्या सकाळी कुंभारवाड्यात गेले आणि पहिल्या दारात उभे राहून म्हणाले, "भवति शब्दभिक्षां देहि. माई, देवासाठी एक ओळ वाढा."

कुंभारवाड्यात धावपळ उडाली. राजकवी दारी आले! कोणी हात धुतले, कोणी पागोटे बांधले. मग एकेकाने डोळे मिटून ओळी दिल्या : हे कमलनयना, हे त्रिभुवनपालका, हे करुणासागरा. झोळी भरली. कोपऱ्यावर येऊन कवीश्वरांनी पाहिले, तर सारी अक्षरे शिवणीतून बाहेर पडत होती. ती त्यांच्याच जुन्या भूपाळ्यांतली होती. लोकांनी त्यांचेच उष्टे त्यांना आदराने परत वाढले होते.

ते तिथेच ओट्यावर बसले. पलीकडच्या घरात एक कुंभारीण नवऱ्यावर ओरडत होती.

"उठा की हो! भट्टी निवली, राखसुद्धा थंड झाली! चिखल मळून मी कवाची बसलीये, चाक काय माझा बाप फिरवणार?"

ते शब्द खिडकीतून आले, झोळीत पडले आणि पडून राहिले. हलले नाहीत. कवीश्वरांनी झोळी हातात तोलून पाहिली. तिला वजन आले होते.

ते पुन्हा पहिल्या दारी गेले आणि या वेळी निराळे विचारले. "माई, देवाचे राहू द्या. तुम्ही आपल्या माणसाला कसे उठवता, ते सांगा."

मग काय विचारता! सारा कुंभारवाडा हसत सुटला आणि घरोघरीचे वाढू लागला. कोणाची सासू भांडी आपटून सुनेला उठवी, कोणी नातवाच्या कानात कोंबड्यासारखे आरवे. एका म्हाताऱ्याने सांगितले की तो बायकोला उठवत नाही, तीच त्याला उठवते आणि मग 'मी कधी उठवलं?' म्हणून भांडते.

घरी येऊन कवीश्वरांनी पहिले कडवे मांडले. 'राख थंड झाली' या ठिकाणी त्यांचा हात थांबला. त्यांनी 'विभूती शीतल' असे लिहिले. अक्षरांनी लगेच पाय काढले. "मीठ!" खिडकीतून साळुंकी ओरडली. कवीश्वरांनी मुकाट्याने राख परत आणली.

दुसऱ्या सकाळी ते नदीकाठी नावाड्यांच्या वस्तीत गेले. तिथे एका बापाने वाढले, "ऊठ रे बाबा, नाव दोरी ओढतेय, तिला धीर नाही." एका आंधळ्या नावाड्याने फार वेळ विचार केला. मग तो म्हणाला, "कवीश्वर, मी काही बोलत नाही. झोपडीचा झाप उघडतो आणि कारभारणीच्या पायांवर ऊन घेतो. ऊन मला दिसत नाही, पण हाताला कळतं. ती पाय आखडते, म्हणजे उठली." कवीश्वरांनी तेही घेतले. असे अन्न त्यांच्या ताटात कधी आले नव्हते.

तिसऱ्या सकाळी ते वेशीबाहेर पाथरवटांच्या वस्तीत गेले. तिथे छिन्न्यांचे आवाज होते आणि माणसे थोडक्यात बोलत. "ऊठ, छिन्नीला धार लावलीये, सावली आहे तोवर फोडू." झोळी भरत आली. शेवटच्या झोपडीपुढे येसाई नावाची एक म्हातारी मातीच्या लहान उंचवट्यावर हात ठेवून बसली होती.

"आई, तुम्ही आपल्या माणसाला कसे उठवता?"

येसाईने मान वर केली. "मी उठवत नाही. थोरल्या महाराजांच्या राज्यात तुमच्या देवाचं दार बसवलं. तेव्हा माझा लेक त्याच्या दगडाखाली गेला. चाळीस वर्षं झाली. रोज सकाळी सगळी वस्ती उठते तेव्हा मी त्याला सांगते : निज राजा, आज तुला काम नाही. दगड उचलायला दुसरे गेलेत. मी आहे इथे." आणि तिने झोळीकडे बोट केले. "घ्या. माझ्याकडे एवढंच आहे."

शब्द झोळीत पडले. कवीश्वरांनी हात जोडले आणि ते चालू लागले. पण वेशीपाशी त्यांचे पाय थांबले. ते विद्वान होते, त्यांना शुभाशुभ कळत होते. देवाला जागे करायचे गाणे, वर्षाचा मंगल आरंभ. त्यात मृताची आठवण? त्यात 'निज'? त्यांनी ते शब्द दोन बोटांनी झोळीतून उचलले आणि वेशीच्या वडाखाली, पायदळी येणार नाहीत असे, अलगद ठेवले. टाकताना माणूस अदबीने टाकतो, आणि त्याला वाटते की आपण टाकले नाही.

तिसऱ्या कडव्यात जागा रिकामी राहिली. तिथे त्यांनी जे त्यांचे होते तेच घातले : त्रिविक्रम म्हणे.

नवव्या सकाळी शेवटच्या पायरीवर घोटाभर पाणी होते. सारे राज्य घागरी घेऊन डोंगरावर आले. राजा अनवाणी उभा होता. कवीश्वरांनी दारासमोर बसून आरंभ केला :

"उठा की हो देवा, भट्टी निवली,
राखही आता थंड झाली."

गर्दीत एक कुंभारीण किंचाळली, "अगं बाई, हे तर माझं!" तिच्या नवऱ्याने मान खाली घातली. लोक हसले, आणि त्या हसण्यात पहिला अडसर सरला.

"ऊठ रे बाबा, नाव दोरी ओढी,
पायांशी आणिली उन्हाची घडी."

आंधळ्या नावाड्याने बायकोचा हात धरला. दुसरा अडसर सरला.

तिसरे कडवे झाले. छिन्नी झाली, सावली झाली. "त्रिविक्रम म्हणे," कवीश्वर गायले, आणि पुढे जे काही म्हणाले ते उत्तम होते. अडसर हलला नाही. त्यांनी पुन्हा म्हटले. खाली कुंडाचा तळ दिसू लागला.

राजा म्हणाला, "कविराज, काय उणे आहे?"

साळुंकी शिखरावर बसली होती. तिने वेशीकडे मान वळवली. बोलण्याची गरजही नव्हती. कवीश्वर उठले, गर्दीतून वाट काढत अगदी मागे गेले. तिथे येसाई रिकामी घागर घेऊन उभी होती. साऱ्या राज्यादेखत राजकवीने तिच्यापुढे झोळी पसरली.

"आई, तुमची भिक्षा मी वेशीपाशी टाकली. अशुभ म्हणून टाकली. पुन्हा वाढाल?"

येसाईने त्यांच्याकडे पाहिले. "मला ठाऊक आहे. येताना वडाखाली सापडली. कोरडी पडली होती, म्हणून उचलून आणली." तिने पदराची गाठ सोडली आणि ते शब्द दुसऱ्यांदा झोळीत घातले. "आता सांडू नका."

कवीश्वर दारापुढे आले. बसले नाहीत, उभेच राहिले. आपल्या नावाच्या जागी त्यांनी तिचे नाव ठेवले आणि हळू आवाजात म्हटले :

"येसाई म्हणे, निज रे राजा,
आज तुला काही काम नाही.
दगड उचलाया दुसरे गेले,
मी आहे येथे, घाई नाही."

चाळीस वर्षे ज्या दाराला सर्वांनी ऊठ, ऊठ म्हटले होते, त्याला कोणी प्रथमच निज म्हणाले. आत दगडावर दगड घासल्याचा आवाज आला, जणू कोणी झोपेत कूस बदलली. तिसरा अडसर सरला. दार उघडले आणि उंबऱ्यावरून पाणी आले. ते कुंडाकडे वळण्यापूर्वी येसाईच्या पावलांपर्यंत गेले आणि मग उतरले.

आत देव जागाच होता. तो कधी निजला होता?

पाण्यामागून शब्द परतले. 'पाखरे' माळिणीच्या परसातून आला, 'कनवाळू' आजोळच्या वाटेने धुळीने माखून आला. आता ते येताना पाहुण्यासारखे येत, आणि जाताना सांगून जात. शाप सरला होता. धूम्रनाथ ओंजळीने पाणी पीत होता. त्याने वर पाहिले नाही.

राजाने कवीश्वरांना जवळ बोलावले. "कविराज, या भूपाळीत तुमचे काय आहे?"

कवीश्वर म्हणाले, "महाराज, झोळी."

"अहो," मागून चंपावती म्हणाल्या, "ती मी शिवली."

राजा हसला, कवीश्वर हसले. त्यांनी हातातले सोन्याचे कडे काढून देवापुढे ठेवले आणि झोळी खांद्यावर टाकली, कारण पुढच्या प्रतिपदेला आता एक वर्षच उरले होते.

त्या राज्यात अजूनही दरवर्षी नवी भूपाळी होते आणि दरवर्षी शेवटच्या कडव्यात निराळे नाव असते. कोणाचे असेल ते आधी कोणालाच ठाऊक नसते. म्हणून त्या पहाटे सारे राज्य कान देऊन उभे असते. वेशीबाहेर मात्र एक वस्ती आहे, तिथे मातीचा एक उंचवटा आहे. त्याच्या कडेने आता झऱ्याची बारीक धार जाते, आणि तिथून जाणारे लोक आपला आवाज थोडा खाली आणतात.