मागून आणायचा विस्तव

"मग अण्णाच्याच चुली कशा विझल्या, बाबा?"

जालिंदर मठाच्या ओट्यावर टेकला तो हा प्रश्न घेऊनच. गावापासून टेकडीपर्यंत पळत आला होता. छाती भात्यासारखी हलत होती.

धुनीपाशी बसलेल्या म्हाताऱ्या नाथबाबांनी मान वर केली. "कसल्या चुली?"

"गावातले डॉक्टर म्हणाले नव्हते का! अंगाच्या कणाकणात बारीक बारीक चुली असतात. खाल्लेल्याची ताकद तिथं तयार होते. चाला, साधं जेवा, वेळेवर झोपा, म्हणजे त्या पेटत्या राहतात. आमचा अण्णा सगळं करायचा. कोंबड्यांसंगं झोपायचा, कोंबड्यांसंगं उठायचा. मी तंबाखू मळणारा, रातभर उंडारणारा... थोरला गेला, मी राहिलो. हे कसं?"

बाबांनी चिमट्यानं धुनीवरची राख सारखी केली.

"सांगा की!"

"मला नाही ठाऊक, लेकरा."

जालिंदर उसळला. "मग एवढी वर्षं इथं बसून शिकलात काय?"

"बसायला."

जालिंदरला हसावं की रडावं कळेना.

"तू आता काय करतोस?" बाबांनी विचारलं.

"तंबाखू सोडली. दिवसभर पळतो. जेवण बंद. उपासानं चुली साफ होतात म्हणे. झोप तर येतच नाही... पण माझ्या चुली मी विझू देणार नाही!"

"घरी?"

"तेराव्यानंतर गेलो नाही. वहिनी ताट वाढते. शेजारी अण्णाचा पाट रिकामा..."

बाबांनी घागर उचलली. "पाणी आणतो. धुनीकडं बघ."

जालिंदरनं बघितलं. नुसती राख. धूर नाही, धग नाही. इथंही तेच?

त्यानं चिमटा उचलला. राख भराभर बाजूला केली, आतले निखारे ओढून पसरले आणि जीव खाऊन फुंकर मारली. निखारे लालभडक झाले. त्याला बरं वाटलं. तो आणखी फुंकत राहिला.

मग एकेक निखारा पांढरा पडला... मग काळा.

बाबा घागर घेऊन परतले. थांबले.

"बाबा, राख दिसली. मला वाटलं, विझतेय."

"झोपलेल्याची गोधडी ओढतोस होय रे?"

जालिंदरनं चिमटा खाली ठेवला. अण्णाला अग्नी दिला तेव्हा आलं नव्हतं, ते पाणी आता डोळ्यांतून वाहू लागलं. बाबांनी अडवलं नाही.

शेवटी त्यानं नाक पुसलं. "आता काय करायचं?"

"करायचं काय? विस्तव मागून आणायचा."

"कुणाकडून?"

"तुझ्या वहिनीकडून. तेराव्याला घरची चूल पेटवायला इथलाच निखारा नेला तिनं. अजून राखून आहे."

बाबांनी कोनाड्यातलं खापर त्याच्या हातात दिलं. जालिंदर पायऱ्यांवरून पळत सुटला.

"पळू नको."

तो थबकला. मागं वळला. "पण बाबा, वहिनी जेवल्याबिगर सोडायची नाही मला..."

बाबा विझलेले निखारे हळूहळू राखेत लोटत होते.

"रिकाम्या पोटी आणलेला विस्तव ही धुनी घेत नाही."